आबाजी, जाऊ का?

आमच्या वावरात एक पूल आहे. पूल म्हणजे पुलासारखा पूल नव्हे. दोन लोखंडी गर्डर, त्यांवर बाभळीच्या फळ्या, दोन्ही काठांना काळ्या दगडाच्या भिंती आणि एका अंगाला पाइपाचा कठडा. लांबी बावीस फूट, रुंदी चार. बैलगाडी जात नाही. माणूस, शेळी आणि सांभाळून चालवली तर मोटारसायकल जाते. कोकणात अशाला साकव म्हणतात. आमच्या घाटावरच्या भागात तसा शब्द नाही, कारण तशी वस्तूच नाही. आमच्याकडे एक तर सरकारी रपटा असतो, नाही तर काहीच नसतं, पाणी उतरायची वाट पाहायची. म्हणून आम्ही त्याला पूलच म्हणतो.

लोणार म्हटलं की लोकांना सरोवर आठवतं. पुण्या-मुंबईची माणसं येतात, काठावर उभी राहतात, उल्का केवढी असेल याचा अंदाज करतात. २०२० साली पाणी गुलाबी झालं तेव्हा तर फोनवर फोटो पाहून दूरच्या पाहुण्यांचेही फोन आले. आमचं वावर तिथून काही मैलांवर, पण आमच्या पायाखालचा दगड तोच काळा पाषाण. उल्का ज्या खडकावर आदळली तो हाच, लाव्हा थंड होऊन झालेला. सरोवरात पाणी येतं आणि बाहेर पडायला वाट नाही, उन्हानं उडेल तेवढंच. आमच्या नाल्याचं उलटं. त्याला थांबणं माहीत नाही. पाऊस पडला की तासाभरात येतो आणि चार तासांत निघून जातो. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात.

या नाल्याच्या अलीकडे आमचे सात एकर, पलीकडे अडीच. त्या अडिचात पेरणीजोगी जमीन एकरभरच, बाकी राई. वडिलांनी लावलेला साग, आपोआप आलेले पळस आणि निंब, धुऱ्यावर बाभळी, आणि मोहाची दोन झाडं, जी आजोबांच्याही आधीची. राईपलीकडे तांडा आहे, तीसेक घरांचा. तांड्याचा गाडीरस्ता मोठा वळसा घालून गावात येतो, तीन किलोमीटरहून जास्तच. नाल्यातून आलं तर एक.

माझ्या लहानपणी वडील दरवर्षी दिवाळीनंतर नाल्यावर बाभळीचं एक खोड आडवं टाकायचे. आषाढात ते वाहून जायचं. पुन्हा दिवाळीला दुसरं. मी कर्ता झालो तेव्हा तेही बंद पडलं. म्हटलं, आठ महिने नाला कोरडा असतो आणि चार महिने आपल्याला तिकडे कामच काय? निंदण-डवरणीला पाणी उतरल्यावर जाता येतं. हिशेब बरोबर होता. मी दहावीपर्यंत शिकलो, गणितात बरा होतो.

हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती. राईची राखण करायला आमचा सालदार पलीकडेच झोपडी घालून राहायचा, म्हाताऱ्या आईला घेऊन.

२००६ च्या श्रावणात एका रात्री त्याच्या आईला मण्यार चावली. मण्यारीचं असं असतं की दुखत नाही, सूज येत नाही. झोपेत मुंगी चावल्यासारखं वाटतं. म्हातारीनं तासभर कोणाला उठवलंच नाही. मग पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा पोराला कळलं. तो काठावर येऊन ओरडू लागला. मी वावरातल्या घरात झोपलो होतो. बॅटरी घेऊन गेलो. पाणी छातीच्या वर होतं आणि मधे झाडाची खोडं वाहत होती. आम्ही दोघे चाळीस फुटांवर उभे होतो. आवाज ऐकू यायचा, तोंड दिसायचं, पण जाता येत नव्हतं. मी दोर फेकला. त्यानं तो पळसाला बांधला. पण दोराला धरून तरणा माणूस येईल, मान न धरणारी म्हातारी कशी यावी? अलीकडे माझी मोटारसायकल उभी होती. लोणारच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचायला पाऊण तास लागला असता.

दर थोड्या वेळानं तो विचारायचा, "भाऊ, उतरून राह्यलं का?"

मी काठावरच्या दगडावर बॅटरी मारून सांगायचो, "बोटभर उतरलं. थांब."

पहाटे चारला पाणी गुडघ्यावर आलं. तोवर म्हातारी गेली होती.

हे मी लिहितो आहे ते पाण्याला दोष द्यायला नव्हे. पाणी त्याच्या वाटेनं चाललं होतं. सालदारानं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. गावानं लावला नाही. कायद्याच्या कुठल्याच कलमात मी बसत नाही. पूल नसणं हा कुणाचाच गुन्हा नसतो. पण त्याच्या आदल्या वर्षी मी ती मोटारसायकल घेतली होती, आणि पुढच्या वर्षी पूल बांधला तेव्हा खर्च जवळपास तेवढाच आला. हा हिशेब मी एकट्यानं केला आणि कोणाला सांगितला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, पलीकडचं सोयाबीन काढायला त्रास होतो म्हणून बांधतो. एकरभर सोयाबीनसाठी कोणी पूल बांधत नाही हे त्यांनाही कळत होतं. कोणी खोदून विचारलं नाही.

बांधणं मात्र मनापासून बांधलं. आधी जागा. वडील खोड टाकायचे ती जागा सोपी होती, पण तिथं नाला वळतो, आणि वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी पोखरतं. मी सरळ जागा शोधली, जिथं दोन्ही काठांना मुरूम संपून पाषाण उघडा पडला आहे. मग उंची. इंजिनियर पुराची आकडेवारी काढतो. माझी आकडेवारी झाडांवर होती. पूर ओसरला की काडीकचरा फांद्यांना अडकून राहतो. सर्वांत वर अडकलेला जुना कचरा दोन्ही काठांच्या झाडांवर शोधला, पाण्याच्या नळीनं पातळी जुळवली आणि त्याच्या दोन फूट वर पुलाचं तळ धरलं. गावातले मिस्त्री म्हणाले, एवढा उंच कशाला, चढावं लागेल. मी म्हटलं, चढा.

भंगारवाल्याकडून आठ इंची दोन गर्डर आणले, सव्वीस-सव्वीस फुटांचे, म्हणजे प्रत्येक काठावर दोन फूट टेकण. एकेकाचं वजन दोन क्विंटल. ट्रॅक्टरनं काठापर्यंत आले आणि पुढं बारा माणसांनी बल्ल्यांवरून सरकवत पलीकडे नेले. लाकडाचा प्रश्न होता. राईत साग होता, पण साग स्वतःच्या वावरातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात तो येतो. आणि वडिलांच्या सागाला हात लावावा असं वाटलंही नाही. धुऱ्यावरच्या दोन बाभळी तोडल्या, कापून डोहात बुडवून ठेवल्या. बाभूळ पाण्यात मुरली की तिला भुंगा लागत नाही, हे गाडीचं चाक करणारे सुतार पूर्वीपासून जाणतात. मग दोन इंच जाडीच्या फळ्या, त्यांना जळकं ऑइल, आणि गर्डरला धरणारे हुकाचे बोल्ट. फळ्यांमधे बोटभर फट सोडली, म्हणजे पाणी कधी वर आलंच तर फळीला उचलणार नाही. शेवटचा बोल्ट सालदारानं आवळला. पलीकडे जाऊन उभा राहिला, परत आला, आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. २००७ चा जून होता.

पहिल्याच पावसाळ्यात तांड्याची पोरं पुलावरून शाळेत जाऊ लागली. मला कोणी विचारलं नाही. मी कोणाला अडवलं नाही. मग गवताला जाणाऱ्या बाया, मग शेळ्या, मग मोटारसायकली. एकदा पंचमीला माहेरी आलेली एक लेक पुलाच्या मधोमध थांबून नाल्याला हळदकुंकू वाहून गेली. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. तांड्यातले लोक राम राम घालायचे तो जरा वाकून. माणसाला असं बरं वाटणं लवकर सवयीचं होतं.

आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला, पुढं ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांनी पहिल्यापासून दुसऱ्यासाठी म्हणून बांधलं, आणि स्वतः हाती गाडगं घेऊन झाडत राहिले. त्यांच्या मनात हा गोंधळ नसणार. माझा पूल एका मेलेल्या बाईसाठी होता, सांगायला सोयाबीनसाठी होता, आणि वापरत होती तांड्याची पोरं. अशा वस्तूचं पुढं काय होतं हे मला २०१६ मध्ये कळलं.

त्या वर्षी जूनच्या शेवटी राईतले सात साग रात्रीतून गेले. करवतीनं बुंध्याशी कापलेले. वडिलांनी लावलेले, पंचेचाळीस वर्षांचे. पलीकडून गाडीवाट नाही, म्हणजे लाकूड पुलावरूनच अलीकडे आलं आणि माझ्याच वावरातून रस्त्याला लागलं. फळ्यांवर ओढल्याच्या खुणा होत्या. कोणी नेले ते आजवर कळलं नाही. तांड्यातल्यांनी नेले असं गावातले म्हणाले, गावातल्यांनी नेले असं तांड्यातले म्हणाले. मी कोणावरही नाव घेऊ शकत नाही. पण त्या सकाळी माझा राग कोणा चोरावर नव्हता, पुलावर होता. मी नसता बांधला तर साग उभे असते, हे इतकं सरळ दिसत होतं.

मी पाने घेतले आणि सालदाराला हाक मारली, फळ्या काढू. तीस वर्षांत त्यानं मला कशाला नाही म्हटलं नव्हतं. तो काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, माह्या हातानं नाही व्हत."

एवढंच. मी एकट्यानं काढल्या. सगळ्या फळ्या गोठ्यात रचून ठेवल्या.

तेव्हा मला एका कथेचा आधार वाटला होता. रामेश्वरला गेलो होतो तेव्हा धनुष्कोडीची कथा ऐकली होती. लंका जिंकून झाल्यावर बिभीषण म्हणाला, आता हा सेतू राहिला तर कोणीही येईल आणि लंकेला त्रास देईल. मग रामानं स्वतः धनुष्याच्या टोकानं तो मोडला. कोडी म्हणजे टोक, म्हणून गावाचं नाव धनुष्कोडी. आपण खारीची गोष्ट सांगतो, वाळूचा कण आणणाऱ्या, पण ही गोष्ट कोणी सांगत नाही. मी मनाशी म्हटलं, ज्यानं बांधला त्यानं मोडला, प्रभू रामानंही मोडला, मग मी कोण?

नऊ दिवस पूल नुसता दोन गर्डरांचा होता. पोरं वळशानं जात असतील असं मी धरून चाललो होतो. दहाव्या दिवशी सकाळी मोटार सुरू करायला नाल्यावर गेलो तर चौथी-पाचवीतली एक मुलगी गर्डरवरून येत होती. गर्डरचा माथा चार इंच रुंद. चपला हातात, दप्तर पाठीला, नजर पायाशी. खाली पाणी होतं, फार नव्हतं, पण खाली दगडही होते. मी ओरडणार होतो आणि तोंड दाबलं. दचकली तर पडेल. मी तसाच खाली बसलो. बावीस फूट चालायला तिला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. अलीकडे आली, चपला घातल्या, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. तिच्यामागून दोन पोरं गर्डरवर घोड्यावर बसल्यासारखी बसून सरकत आली, हसत. त्यांना तो खेळ झाला होता.

शाळा सुटायच्या आत मी फळ्या परत बसवल्या. या वेळी सालदार बोलावल्याशिवाय आला.

त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या डोक्यात आहे. पूल नव्हता तेव्हा नाला स्वतःच सांगायचा, येऊ नको. पोरं ऐकायची. मी पूल बांधून नऊ वर्षं त्यांच्या पायांना शिकवलं की इथून जाता येतं. मग एका सकाळी फळ्या काढल्या आणि मला वाटलं, होतं तसं झालं. पण होतं तसं होत नाही. पायांना शिकवलेलं फळ्यांबरोबर निघून येत नाही. पूल नसलेला नाला आणि फळ्या काढलेला पूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त वाईट, कारण ती माझी केलेली आहे. रामानं सेतू मोडला, बरोबर आहे. पण त्याची माणसं सगळी परत येऊन मग मोडला. पलीकडून रोज शाळेत यायचं कोणाचं राहिलं नव्हतं.

महिना झाला नसेल तोच, २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बस माणसांसकट वाहून गेल्या. टीव्हीवर ते पाहताना घरात सगळे हळहळत होते. मला मात्र राहून राहून ती मुलगी दिसत होती.

आता दुसरी बाजू. धुऱ्याशेजारचे एक नातेवाईक आहेत, कोर्टकचेरीत मुरलेले. ते म्हणाले, "पाहुणे, वीस वर्षं लोक चालले की वाट त्यांची होते. मंग तुम्ही फळी त काय, खिळाही नाही काढू शकणार." मी हसण्यावारी नेलं, पण झोप लागेना. वकिलाकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे, ईझमेंट अ‍ॅक्ट. त्याच्या पंधराव्या कलमात आहे की दुसऱ्याच्या जमिनीतून कोणी वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्कानं आणि खंड न पडता वापर केला तर तो वापर त्याचा अधिकार होऊ शकतो. मी विचारलं, मी नऊ दिवस बंद केला होता ना? ते म्हणाले, तो खंड धरत नाहीत, अडथळा माहीत असून वर्षभर सहन केला तरच खंड पडतो. मग उपाय? उपाय सोपा, म्हणाले. पाटी लावा. परवानगीनं जाणाऱ्याचा हक्क तयार होत नाही. तुम्ही परवानगी दिली की वाट तुमचीच राहते, शंभर वर्षं चालले तरी.

घरी येताना एसटीत मी यावर विचार करत होतो. कायदा म्हणतो, तू बोललास, जा म्हणालास, तर पूल तुझा. तू गप्प बसलास, तर हळूहळू त्यांचा. मला आधी वाटायचं की देणं म्हणजे तोंडानं देणं, चारचौघांत सांगून देणं. इथं तर उलटं निघालं. परवानगी देणारा काहीच देत नाही, आपलं आपल्याकडे ठेवतो. गप्प राहणारा देऊन टाकतो. नऊ वर्षं मी न बोलता जे केलं होतं ते माझ्या नकळत मोठं होतं, आणि आता ते लहान करायला मी पाटी रंगवायला टाकणार होतो.

तरी टाकली. भीती मोठी असते. पत्र्याची पाटी, पांढऱ्यावर निळी अक्षरं: खाजगी मालमत्ता. परवानगीने ये-जा करावी. लोखंडी पायावर पुलाच्या तोंडाशी उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारीपाशी होतो. तांड्याची सात-आठ पोरं पलीकडे थांबली होती. त्यांतल्या एकानं ओरडून विचारलं, "आबाजी, जाऊ का?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, त्यांनी पाटी वाचली होती. शाळेत जाणारी पोरं, वाचणारच. पाटीवर परवानगी लिहिलं होतं, म्हणून ती परवानगी मागत होती. मी म्हटलं, जा रे. ती आली. संध्याकाळी परत, अलीकडून, "आबाजी, जाऊ का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी गोठ्यात असलो तर ती काठावर उभी राहायची, मी दिसेपर्यंत. एकदा मी लोणारला बाजारात गेलो होतो, तर त्या दिवशी मोठी पोरं गेली आणि लहान तीन जण शाळेत गेलेच नाहीत. आबाजी नव्हते, म्हणाले.

ज्यांनी ती पाटी सुचवली त्यांनी हे ऐकून खूप हसून घेतलं. मलाही हसू यायचं. पण रोज सकाळी सात-आठ लेकरांनी हात जोडल्यासारखं उभं राहावं आणि आपण मान हलवावी, याची मला पुलाच्या पहिल्या राम रामापेक्षा जास्त लाज वाटू लागली. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी आज्जीनं कदाचित त्या रात्री तांड्यातून सालदाराची हाक ऐकली असेल. नाला भरला होता तेव्हा मला कोणी परवानगी विचारली नव्हती.

पाटी पंधरवडाभर राहिली. मग काढली आणि मोटारीच्या स्टार्टरवर पावसाचं पाणी पडू नये म्हणून आडवी बांधली. अजून तिथं आहे. पोरांना सवय लागली ती मात्र काही दिवस सुटली नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं पुलाची कटकट अशी झाली नाही. मी दर मे महिन्यात हातोडा घेऊन गर्डर ठोकत जातो. चांगलं लोखंड खणकन बोलतं, गंजानं खाल्लेलं बद्द वाजतं. फळ्या आळीपाळीनं बदलल्या. भिंतीच्या मागून पाणी शिरतं का ते पावसाळ्यानंतर पाहतो. दगडी भिंत समोरून कधी पडत नाही, मागची माती गेली की पडते. सालदारही आता सत्तरीला आला. काम सोडलं, पण हातोड्याच्या दिवशी येतो.

मग गेल्या वर्षी १५ जूनला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला आणि चार जण गेले. तो पूल धोकादायक आहे असा फलक तिथं होता. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचा त्याच रात्री फोन आला. "बाबा, आपला पूल काढा. कोणी पडलं तर कोण येणार आहे कोर्टात? जे पोरं येतात ना शाळेत जायला, त्यांचेच बाप येतील तुमच्यावर." मी म्हटलं, येऊ देत, त्यांचं पोर गेलं तर त्यांनी नाही तर कोणी यावं? तो गप्प झाला. पण तो चुकीचा बोलत नव्हता. पाटी लावून चार जीव वाचले नाहीत, हेही खरं. मी २०१६ मध्ये पाटी लावली ती पुलासाठी नव्हती, सातबाऱ्यासाठी होती. ती लावून एक पोर पडलं असतं तर पाटी दाखवून मी सुटलो असतो का? कोर्टातून कदाचित.

मुलाच्या आग्रहानं ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. ते म्हणाले, पूल आमच्या नोंदीत नाही, त्यावर खर्च टाकता येत नाही. तुम्ही जागेसकट दानपत्र करून द्या, मग नोंद घेऊ, मग पुढचं पाहता येईल. नियमानं बोलले. कागदाचा मसुदाही करून दिला. तो कपाटात आहे.

दिलं तर पुढं काय, याचा मी बराच विचार केला. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला. त्याच्यासाठी माणसं आहेत, गाड्या आहेत, गस्त आहे. मोठ्या वस्तूची राखण ठरलेली असते. बावीस फुटांच्या पुलाची राखण कोणत्या रजिस्टरात बसणार? मे महिन्यात हातोडा घेऊन गर्डरला कान कोण लावणार? मला वाटायचं की मी मालकी सोडत नाही. बारकाईनं पाहिलं तर जमिनीचा तो चार फुटांचा पट्टा सोडायला मला काही वाटत नाही. सोडवत नाही तो हातोडा. आणि तो दानपत्रात लिहून देता येत नाही. मुलगा म्हणतो, तुम्ही किती वर्षं ठोकणार? याला माझ्याकडे उत्तर नाही. सासष्ट झाली. गेल्या मेमध्ये गर्डरखाली उतरलो तर वर येताना सालदारानं हात दिला, आणि त्याला कोणी तरी मागून धरलं होतं.

येत्या वर्षी, २०२७ च्या जूनमध्ये, पुलाला वीस वर्षं होतील. मुलाला ती तारीख पाठ आहे. त्याच्या आत काढा किंवा पाटी पुन्हा लावा, असं तो म्हणतो. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ज्यांचा हक्क तयार होईल त्यांना या तारखेचा पत्ताही नाही.

पलीकडच्या टोकाची तिसरी फळी बद्द वाजते आहे. दिवाळीत डोहात घातलेली बाभूळ परवा बाहेर काढून सावलीत ठेवली. सुताराला सांगितलं आहे, रोहिण्या लागायच्या आत कापून दे. बोल्ट जुनेच चालतील, दोन सोडून. तांड्यातला एक पोरगा, बारावीला आहे, परवा विचारत होता की हातोड्यानं काय कळतं. त्याला म्हटलं, रविवारी ये, दाखवतो.